मेनूतून गायब झालेलं डीएलएसएस

१४ डिसेंबर २०२२ रोजी ‘द विचर ३’ या पोलंडमध्ये बनलेल्या गेमला एक मोठं फुकट अपडेट मिळालं. गेम मुळात २०१५चा. सात वर्षांनी त्यात रे ट्रेसिंग आलं, लहान चित्र मोठं करून गेमचा वेग वाढवणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस आलं, झाडाझुडपांपासून चेहऱ्यांपर्यंत सगळ्यावर नवा हात फिरला. स्टीमवरून हा गेम सुरू करताना एक छोटी खिडकी उघडते आणि विचारते: डायरेक्टएक्स ११ की डायरेक्टएक्स १२? पहिल्या दिवसांत १२ची आवृत्ती ठिकठिकाणी अडखळत होती, म्हणून अनेकांनी ११ निवडलं. गेम झकास चालला, पण ग्राफिक्सच्या मेनूत डीएलएसएस नावाचं काही नव्हतंच. कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स, ड्रायव्हर ताजा, अपडेट पूर्ण उतरलेलं, आणि ज्या सोयीसाठी एवढे पैसे मोजले तीच नेमकी गायब!

कार्डात काहीच बिघाड नव्हता. डीएलएसएस फक्त डायरेक्टएक्स १२च्या आवृत्तीत बसवलेलं होतं. गेम बंद करून पुन्हा उघडायचा, खिडकीत १२ निवडायचं, की पर्याय हजर.

गेमिंग पीसी बाळगणाऱ्यांच्या तक्रारींमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे. पर्याय दिसत नाही, किंवा दिसतो पण फिकट पडलेला असतो आणि क्लिक घेत नाही. पहिला संशय कार्डावर जातो, दुसरा दुकानदारावर, आणि मग विंडोज नव्याने टाकण्यापर्यंत मजल जाते. खरं तर हा पर्याय दिसायला पाच जणांचं एकमत व्हावं लागतं: कार्डातली चिप, मॉनिटरची जोडणी, ड्रायव्हर, विंडोज आणि तो गेम. यातल्या एकाने जरी नकार दिला तरी मेनू पर्याय लपवतो, आणि नकार कोणाचा हे बहुतेक वेळा सांगत नाही. म्हणून शोध घ्यायचा तो याच क्रमाने, खालून वर.

थोडं काढायचं, जास्त दाखवायचं

१०८०पी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. ४के पडद्यावर त्यांची संख्या चौपट, ८२ लाख ९४ हजार ४०० होते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर ४केवर कार्डाला दर सेकंदाला जवळपास ५० कोटी पिक्सेल रंगवावे लागतात, आणि आजच्या गेममध्ये एकेका पिक्सेलमागे सावली, प्रतिबिंब, धुकं यांचा हिशेब असतो. अपस्केलिंग ही त्यातून काढलेली पळवाट आहे. कार्डाने चित्र लहान आकारात काढायचं आणि मग ते पडद्याच्या मापाचं करून दाखवायचं. डीएलएसएसच्या ‘क्वालिटी’ मोडमध्ये लांबी-रुंदी दोन तृतीयांश धरली जाते, म्हणजे ४केसाठी मूळ चित्र २५६० गुणिले १४४०चं निघतं. ‘परफॉर्मन्स’ मोडमध्ये ती निम्मी होते. मग कार्ड प्रत्यक्षात १०८०पीच काढतं आणि पिक्सेलचा पाऊण हिस्सा अंदाजाने भरला जातो.

एनव्हिडियाने २०१८ साली आरटीएक्स २० मालिकेसोबत डीएलएसएस जाहीर केलं. या कार्डांमध्ये टेन्सर कोअर नावाचे वेगळे भाग होते आणि न्यूरल नेटवर्कची आकडेमोड त्यांच्याकडे सोपवलेली होती. पहिली आवृत्ती मात्र फारशी कोणाला रुचली नाही. चित्र धूसर दिसे आणि प्रत्येक गेमसाठी नेटवर्क वेगळं शिकवावं लागे. गायब पर्यायाचा गोंधळही तेव्हापासूनचाच. फेब्रुवारी २०१९मध्ये ‘बॅटलफील्ड ५’मध्ये डीएलएसएस आलं तेव्हा सगळ्यात महागडं आरटीएक्स २०८० टीआय घेणाऱ्याला १०८०पीवर तो पर्यायच मिळत नसे, आणि स्वस्तातल्या आरटीएक्स २०६०वर मिळत असे. ही चूक नव्हती. डीएलएसएसला दर फ्रेममागे ठरावीक वेळ लागतो. दणकट कार्ड १०८०पीची फ्रेम इतक्या झटपट काढतं की अपस्केलिंगचा खर्च वाचलेल्या वेळेपेक्षा जास्त भरतो. म्हणून पर्याय मुद्दामच बंद ठेवला होता.

मार्च २०२०मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि चित्र पालटलं. एकच नेटवर्क सगळ्या गेमना चालू लागलं. पण त्यासाठी गेमला ड्रायव्हरकडे बरीच माहिती पुरवावी लागते: आधीच्या फ्रेममधला प्रत्येक पिक्सेल आता कुठे सरकला, कोणती वस्तू किती खोल आहे, कॅमेरा पिक्सेलच्या अंशाने कुठे हलवला. मागच्या अनेक फ्रेममधून गोळा केलेल्या या तपशिलावरच चित्र उभं राहतं, आणि हा तपशील गेमच्या आतच तयार होतो. म्हणून डीएलएसएस, किंवा प्रतिस्पर्धी एएमडीच्या एफएसआर या तशाच सोयीची दुसरी आणि त्यापुढची आवृत्ती, गेम बनवणाऱ्याला हाताने बसवावी लागते. कार्ड कितीही भारी असो, गेममध्ये ती जोडणी नसेल तर मेनूत काही उगवत नाही.

याउलट काही अपस्केलर फक्त तयार झालेली एक फ्रेम बघतात. जून २०२१मध्ये आलेलं एफएसआर १, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये नव्याने आलेलं एनव्हिडिया इमेज स्केलिंग आणि मार्च २०२२मधलं रेडिऑन सुपर रेझोल्यूशन ही या जातीची. शेवटची दोन ड्रायव्हरमधून चालू होतात आणि गेमला त्याची खबरही नसते. दर्जा तुलनेने बेताचा, पण ही दोन जवळपास कोणत्याही गेमवर चालतात. शोधाची निम्मी वाट इथेच ठरते. डीएलएसएस दिसायला हवं ते गेमच्या मेनूत, आणि इमेज स्केलिंग दिसायला हवं ते ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये. एकाच्या जागी दुसरं शोधत बसलं तर दिवस जातो.

एका नावाखाली चार सोयी

गोंधळाचा मोठा वाटा कंपन्यांच्या नामकरणाचा आहे. ‘डीएलएसएस ३’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ही डीएलएसएस २ची सुधारित आवृत्ती असेल. पण ऑक्टोबर २०२२मध्ये आरटीएक्स ४० मालिकेबरोबर आलेल्या या नावाचा अर्थ प्रामुख्याने फ्रेम जनरेशन असा होता: दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक कृत्रिम फ्रेम घालायची. हे अपस्केलिंगपेक्षा वेगळं काम आहे आणि एनव्हिडियाने ते ४० मालिकेपासून पुढच्या कार्डांनाच दिलं. २०२३मध्ये आलेलं ‘डीएलएसएस ३.५’ म्हणजे रे ट्रेसिंगचं चित्र स्वच्छ करणारं रे रिकन्स्ट्रक्शन, आणि ते मात्र सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं. जानेवारी २०२५मध्ये जाहीर झालेल्या डीएलएसएस ४मध्ये तर दोन्ही प्रकार एकत्र आहेत. अपस्केलिंगचं नवं, ट्रान्सफॉर्मर पद्धतीचं नेटवर्क २० मालिकेपासून सगळ्यांना मिळतं, आणि एका खऱ्या फ्रेममागे तीन कृत्रिम फ्रेम घालणारं मल्टी फ्रेम जनरेशन फक्त ५० मालिकेला.

त्यामुळे आरटीएक्स ३०६० असलेला गेमर ‘माझ्याकडे डीएलएसएस ३ येत नाही’ म्हणतो तेव्हा त्याचं अर्धंच खरं असतं. अपस्केलिंग त्याच्याकडे चालू असतं, फ्रेम जनरेशन मात्र कितीही ड्रायव्हर बदलले तरी येणार नसतं.

एएमडीकडेही काही कमी घोळ नाही. एफएसआर १ ते ३ कोणत्याही कंपनीच्या कार्डांवर चालतात, अगदी एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्सवरही. मार्च २०२५मध्ये आलेलं एफएसआर ४ मात्र न्यूरल नेटवर्कवर चालतं आणि ते आरएक्स ९००० मालिकेसोबत सुरू झालं. त्यात आणखी एक गंमत आहे. ज्या गेममध्ये एफएसआर ३.१ आहे तिथे एएमडीच्या अ‍ॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमधून एफएसआर ४ चालू करता येतं, पण गेमच्या मेनूत नाव एफएसआर ३.१ असंच राहतं. आरएक्स ९०७० घेतलेला माणूस मेनू पुन्हा पुन्हा उघडून एफएसआर ४ शोधत बसतो आणि ते आत मुकाट काम करत असतं. ते चालू आहे की नाही, हे अ‍ॅड्रेनलिनमध्येच बघावं लागतं. एनव्हिडिया अ‍ॅपमधला ‘डीएलएसएस ओव्हरराइड’ही असाच, गेमच्या मेनूला पत्ता लागू न देता जुन्या गेममध्ये नवं नेटवर्क चालवतो.

आधी कार्डाची ओळख

तपासाची सुरुवात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून करायची. टास्क मॅनेजर उघडतो, त्यात ‘परफॉर्मन्स’वर गेलं की डाव्या बाजूला ‘जीपीयू ०’, ‘जीपीयू १’ अशी यादी दिसते आणि कार्डाचं पूर्ण नाव कळतं. हे नाव नीट वाचायचं. आरटीएक्स आणि जीटीएक्स यांत एका अक्षराचा फरक असला तरी डीएलएसएसपुरता तोच निर्णायक आहे.

जीटीएक्स १६५०चं उदाहरण घ्या. एप्रिल २०१९मध्ये आलेलं हे कार्ड स्वस्त, कमी वीज खाणारं, आणि भारतात बेताच्या बजेटमधल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये सर्रास बसवलेलं. नोव्हेंबर २०२२च्या स्टीमच्या पाहणीत ते जगभरात पहिल्या क्रमांकावर होतं. ते ट्युरिंग याच पिढीतलं आहे, ज्या पिढीतली आरटीएक्स २० मालिका आहे. म्हणून अनेकांची समजूत होते की डीएलएसएस ड्रायव्हरमधून कधीतरी येईल. पण १६ मालिकेत टेन्सर कोअर बसवलेलेच नाहीत. जीटीएक्स १६६० सुपर, लॅपटॉपमधलं एमएक्स ४५० यांचीही तीच कथा. इथे मेनू काही लपवत नाही. जे कार्डात नाही ते तो दाखवत नाही, इतकंच.

जुनं कार्ड विकत घेतलं असेल तर नावावरही विसंबून चालत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत वापरलेल्या कार्डांचा मोठा बाजार आहे, आणि ऑनलाइन बाजार त्याहून मोठा. प्रामाणिक विक्रेते भरपूर असले तरी बनावट कार्डांचा धंदाही जुना आहे. दशकभर जुन्या चिपच्या बायोसमध्ये फेरफार करून तिला ‘जीटीएक्स १०५० टीआय’ असं नाव द्यायचं, की विंडोज ते नाव तसंच वाचून दाखवतं. हा प्रकार इतका वाढला की जीपीयू-झेड या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने २०१८मध्ये अशा कार्डांच्या नावाआधी ‘फेक’ असा शिक्का दाखवायला सुरुवात केली. जीपीयू-झेड चिपचं मूळ सांकेतिक नाव, मेमरीचा प्रकार आणि गाभ्यांची संख्या दाखवतं. बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीशी ते ताडून पाहायला पाच मिनिटं पुरतात.

केबल कुठे खोचली आहे?

असेंबल केलेल्या पीसीत हा घोटाळा हमखास होतो. कॅबिनेटच्या मागे एचडीएमआयची तोंडं दोन ठिकाणी असतात. वरच्या बाजूला, यूएसबी आणि लॅनच्या शेजारी, मदरबोर्डचं; आणि खाली, आडव्या पट्टीत, ग्राफिक्स कार्डाचं. टेबलामागे हात घालून केबल लावणाऱ्याचा हात आधी वरच्या तोंडाकडे जातो. प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स असेल तर मॉनिटर चालू होतो, विंडोज उघडतं, व्हिडिओ दिसतात आणि सगळं आलबेल वाटतं. गेम मात्र प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर रखडत चालण्याची शक्यता असते आणि तिथे डीएलएसएसचा प्रश्नच येत नाही. इंटेलच्या १२४००एफसारख्या ‘एफ’ शेपटीच्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं. त्यांच्या मालकांना निदान मॉनिटर काळाच राहिल्याने चूक ताबडतोब कळते.

एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनेल इथे स्वच्छ साक्ष देतं. डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून ते उघडलं आणि डाव्या बाजूला फक्त ‘थ्रीडी सेटिंग्ज’ दिसल्या, रिझोल्यूशनचा ‘डिस्प्ले’ विभाग गायब असला, किंवा ‘तुम्ही सध्या एनव्हिडिया जीपीयूला जोडलेला डिस्प्ले वापरत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर मॉनिटर चुकीच्या तोंडाला आहे. केबल खालच्या तोंडात घालायची, बस्स.

लॅपटॉपमध्ये हाच संदेश आला तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये पडदा प्रोसेसरच्या ग्राफिक्सलाच जोडलेला असतो. एनव्हिडियाचं कार्ड फ्रेम काढतं आणि त्याच्यामार्फत पडद्याकडे पाठवतं. अशा लॅपटॉपवर गेममधलं डीएलएसएस व्यवस्थित चालतं, पण ड्रायव्हरमधल्या काही डिस्प्ले-सेटिंग दिसत नाहीत. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असतो. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून किंवा बायोसमधून तो बदलला की पडदा थेट कार्डाला जोडला जातो आणि हरवलेला विभाग परत येतो. बॅटरी मात्र लवकर संपते.

लॅपटॉपवर खरी तपासणी वेगळी आहे: गेम नेमक्या कोणत्या चिपवर चालतोय? विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन गेम निवडायचा आणि ‘हाय परफॉर्मन्स’ ठरवून द्यायचं. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये एनव्हिडियाच्या कार्डाचा, बहुधा ‘जीपीयू १’चा, आलेख वर चढला तर काम फत्ते.

ड्रायव्हरची आणि विंडोजची पाळी

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं लिहिलेलं असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोजने कामचलाऊ ड्रायव्हरवर पडदा पेटवून ठेवला आहे, आणि अपस्केलिंगच काय, धड गेमही त्यावर चालणार नाही.

ड्रायव्हर असूनही घोळ होतो तो बऱ्याचदा विंडोज अपडेटमुळे. रात्री अपडेट येतं, आपल्याकडचा ग्राफिक्स ड्रायव्हर बसवतं आणि सकाळी अ‍ॅड्रेनलिन उघडायला नकार देतं. सॉफ्टवेअरची ही आवृत्ती बसवलेल्या ड्रायव्हरशी जुळत नाही, असा संदेश येतो. खिडकीच उघडत नाही म्हटल्यावर तिच्यातलं रेडिऑन सुपर रेझोल्यूशनही गेलं. एनव्हिडियाकडे याचं भावंड म्हणजे गायब झालेलं कंट्रोल पॅनेल. नव्या धाटणीच्या ड्रायव्हरमध्ये हे पॅनेल मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळं उतरतं. स्टोअर बंद करून ठेवलेल्या किंवा इंटरनेट नसलेल्या पीसीवर ड्रायव्हर येतो पण पॅनेल येत नाही.

उपाय साधा पण शिस्तीचा आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या कार्डाचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवायचा, इंटरनेट तोडायचं, विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करायचं, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या फुकट साधनाने जुन्या ड्रायव्हरचे अवशेष पुसायचे आणि मग नवा बसवायचा. एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट उडी मारलेल्यांनी तर हे करावंच. मात्र कार्डाची ओळख आणि केबल तपासण्याआधीच हे करू नये. तासभर जातो आणि मूळ कारण दुसरीकडेच राहतं.

फ्रेम जनरेशन फिकट दिसत असेल तर विंडोजमधलं एक बटण बघायचं. मे २०२०च्या विंडोज १० अपडेटमध्ये ‘हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग’ नावाची सोय आली. ग्राफिक्सच्या कामांची रांग लावण्याचं बरंचसं काम ती प्रोसेसरकडून कार्डाकडे देते. एनव्हिडियाच्या फ्रेम जनरेशनला हे बटण चालू लागतं. आरटीएक्स ४०६० नवंकोरं बसवलं, ‘सायबरपंक २०७७’ उघडला, डीएलएसएसची ‘क्वालिटी’, ‘बॅलन्स्ड’, ‘परफॉर्मन्स’ ही सगळी नावं मेनूत आहेत, पण त्याखालची फ्रेम जनरेशनची ओळ मलूल. अशा वेळी सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन हे बटण चालू करायचं. पीसी रीस्टार्ट केल्याशिवाय ते लागू होत नाही, आणि बरेच जण नेमकं हेच विसरतात.

मग उरतो तो गेम

वरच्या सगळ्यांनी होकार दिला तरी गेमचा नकार असू शकतो. सप्टेंबर २०२३मध्ये ‘स्टारफील्ड’ आला तेव्हा त्यात फक्त एफएसआर २ होतं. एएमडी त्या गेमची पीसीवरची खास भागीदार होती. आरटीएक्स ४०९०च्या मालकालाही डीएलएसएस मिळालं नाही. अधिकृत डीएलएसएस त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अपडेटमधून आलं. तोपर्यंत ड्रायव्हर बदलून काही होण्यासारखं नव्हतं. ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये आजही एफएसआर १ दिसतं. एनव्हिडियाचं कार्ड आहे म्हणून डीएलएसएस शोधायला जाल तर हात हलवत परत याल.

पर्याय कधी कधी असतो, पण भलत्याच ठिकाणी. काही गेम त्याला ‘अँटी-अलायझिंग’च्या यादीत टाकतात, काही ‘अपस्केलिंग’ किंवा ‘रेझोल्यूशन स्केलिंग’ अशा वेगळ्या टॅबखाली. काही गेममध्ये दुसरा अपस्केलर बंद केल्याशिवाय हा उघडत नाही. स्टीमवर गेमच्या फायली तपासून घेण्याची सोय आहे. अर्धवट उतरलेल्या अपडेटमुळे डीएलएसएसची फाइल गहाळ झाली असेल तर ती तिथून परत येते.

ड्रायव्हरमधून चालणाऱ्या अपस्केलरची अट वेगळी. रेडिऑन सुपर रेझोल्यूशन आरएक्स ५००० मालिकेपासून पुढच्या कार्डांवर मिळतं आणि अ‍ॅड्रेनलिनमध्ये चालू करूनही ते लगेच कामाला लागत नाही. गेममध्ये जाऊन रिझोल्यूशन पडद्याच्या मूळ मापापेक्षा कमी करावं लागतं, आणि गेम पूर्ण पडद्यावर, शक्यतो एक्स्क्लुझिव्ह फुलस्क्रीनमध्ये असावा लागतो. १०८०पी मॉनिटरवर गेमही १०८०पीवरच ठेवला तर मोठं करण्यासारखं काही उरतच नाही. एनव्हिडिया इमेज स्केलिंगलाही हाच नियम लागू.

व्हिडिओचं अपस्केलिंग

यूट्यूबवर ४८०पीमध्ये पडलेले जुने मराठी चित्रपट मोठ्या मॉनिटरवर बघणाऱ्यांना एनव्हिडियाचं आरटीएक्स व्हिडिओ सुपर रेझोल्यूशन उपयोगी पडतं. फेब्रुवारी २०२३मध्ये ते ३० आणि ४० मालिकेसाठी आलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २० मालिकेलाही मिळालं. ३६०पी ते १४४०पी या पट्ट्यातला व्हिडिओ ते मोठा आणि स्वच्छ करून दाखवतं. गेमपेक्षा याच्या अटी निराळ्या. क्रोम किंवा एज ताजं हवं, ब्राउझरमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू हवं, आणि लॅपटॉप असेल तर ब्राउझरही एनव्हिडियाच्या चिपवर चालायला हवा. व्हिडिओ त्याच्या मूळ मापापेक्षा मोठ्या खिडकीत दिसत असेल तरच अपस्केलिंग होतं. ते चालू आहे का, हे नुसत्या डोळ्याला कळणं अवघड. टास्क मॅनेजरमध्ये व्हिडिओ चालू असताना कार्डाचा वापर लक्षणीय वाढला, तर आहे.

नसेलच तर

कार्डातच सोय नाही, असा निकाल लागला तरी वाट संपत नाही. इंटेलने २०२२मध्ये आर्क कार्डांबरोबर आणलेलं एक्सईएसएस इतर कंपन्यांच्या बऱ्याच कार्डांवर चालतं आणि ‘सायबरपंक २०७७’सारख्या गेममध्ये डीएलएसएस, एफएसआर आणि एक्सईएसएस तिन्ही शेजारी-शेजारी मिळतात. जीटीएक्स १६५०वाल्याने त्यातली दोन वापरून बघावीत. २०२४मध्ये आलेल्या एफएसआर ३.१ने फ्रेम जनरेशन अपस्केलिंगपासून सोडवून घेतलं. त्यामुळे आरटीएक्स ३०६०च्या मालकाला, गेमने परवानगी दिली तर, अपस्केलिंग एनव्हिडियाचं आणि कृत्रिम फ्रेम एएमडीच्या, अशी जोडगोळी जमवता येते. स्टीमवर विकत मिळणारं ‘लॉसलेस स्केलिंग’ कोणत्याही खिडकीला मोठं करतं, दर्जा अर्थातच गेममध्ये बसवलेल्या सोयींइतका नाही.

एका मर्यादेचा विचार मात्र आधी करावा. १०८०पी मॉनिटरवर ‘क्वालिटी’ मोड म्हणजे मूळ चित्र १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९ लाख २१ हजार ६०० पिक्सेल. इतक्या थोड्या माहितीतून जुने अपस्केलर उभं करतात ते चित्र तारा, जाळ्या आणि गवताच्या पात्यांवर लुकलुकतं. ४केवर हीच तंत्रं डोळ्यांत भरतात, १०८०पीवर हात राखून वापरावीत. गेमच्या फोल्डरमधल्या फायली बदलून अपस्केलर घुसवण्याचे जुगाडही प्रचलित आहेत. एकट्याने खेळायच्या गेममध्ये ते ठीक. ऑनलाइन गेममध्ये अँटी-चीट यंत्रणेला बदललेल्या फाइलचा संशय आला तर खात्यावर बंदी येऊ शकते.

नवीन किंवा वापरलेलं कार्ड घेताना यातली निम्मी धावपळ दुकानाच्या काउंटरवरच टाळता येते. बाजारात अजूनही ‘चार जीबीचं ग्राफिक कार्ड’ असं सांगून माल विकला जातो. चार जीबी हे फक्त मेमरीचं माप आहे. त्यावरून टेन्सर कोअर आहेत की नाहीत, पिढी कोणती, लॅपटॉपची चिप आहे की डेस्कटॉपची, यातलं काही कळत नाही. कार्ड दुकानातल्या पीसीला लावून जीपीयू-झेड उघडून दाखवायला सांगावं, आपल्याला हवा तो गेम कोणत्या अपस्केलरला पाठिंबा देतो हे घरूनच बघून जावं, आणि बिलावर कार्डाचं पूर्ण नाव, मेमरी आणि सिरीयल नंबर लिहून घ्यावा. पुढे वॉरंटीत कार्ड परत द्यायची वेळ आली तर सेवा केंद्रात आधी तोच नंबर विचारतात.